कॉम्प्युटरचा तापतक्ता

आमच्या घरात कोणाला ताप आला की आधी कागद यायचा आणि मग गोळी. माझी आई आरमोरीजवळच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होती आणि तिची सगळी नोकरी तापाच्या मागं फिरण्यात गेली. आमचा जिल्हा मलेरियाचा. कोणत्या घरी, कोणाला, किती वाजता ताप चढला आणि किती वाजता उतरला, हे लिहिल्याशिवाय तिचा दिवस पुरा होत नसे. घरी आल्यावरही ही खोड सुटायची नाही. मी फणफणून पडलेली असायचे, डोकं ठणकत असायचं, आणि ही बाई माझ्या उशाशी बसून पाठकोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा ओढत असायची. "गोळी दे ना वो आई," मी कण्हायचे. "थांब, पह्यले वेळ लिहू दे," ती म्हणायची. मला असा राग यायचा की ताप आणखी एक डिग्रीनं चढत असावा. आता मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना निरीक्षणं लिहायला लावते, आणि पोरं माझ्याकडं त्याच नजरेनं पाहतात. पाहू देत.

बाबा टायपिंगचे मास्तर. आमच्या समोरच्या खोलीतच त्यांची इन्स्टिट्यूट होती. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून आईही मास्तरच म्हणायची, आणि ते तिला सिस्टर म्हणायचे. पाहुण्यांना हे ऐकून हसू यायचं, पण त्या दोन शब्दांत त्यांचं भांडण, लाड, जेवायला बोलावणं, सगळं भागायचं. आमच्या घराची मागची भिंत राईस मिलला लागून होती. मिल सुरू झाली की पट्टा धपधप वाजायचा, फळीवरची भांडी किणकिणायची आणि कोंडा उडायचा. कोंडा अंथरुणात, केसांत, देवाच्या दिव्यात. आई पातेल्यावर झाकण ठेवायची आणि झाकणावर फडकं टाकायची, तरी वरणात दोन कण सापडायचेच. आमच्याकडं लाखोळीची डाळ, वर तेल-तिखटाचा भुरका आणि बाजूला जवसाची चटणी असं जेवण असलं की बाबा ताटावर पुढं वाकून, एका हाताचा आडोसा करून जेवायचे. "सिस्टर, आज कोंड्यात डाळ बरी पडली," असं ते म्हणाले की आई पळी उगारायची.

बाबांची बोटं मी विसरू शकत नाही. लांब, सडपातळ, नखं नीट कापलेली. ते टाइप करताना बटणांकडं कधीच पाहायचे नाहीत. समोर कोर्टाचा कागद, तोंडात सुपारी, माझ्याशी गप्पा सुरू, आणि बोटं आपली पळताहेत. दूरदूरची पोरं त्यांच्याकडं शिकायला यायची. मग हळूहळू यायची थांबली. परीक्षा कॉम्प्युटरवर होणार, टाइपरायटर आता गेला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. एका दिवाळीनंतर खोलीत आठ मशिनी आणि दोनच पोरं राहिली. बाबा सकाळी उठून आठही मशिनी पुसायचे, तेल घालायचे आणि आईनं जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या खोळी त्यांच्यावर परत घालून ठेवायचे. हे पाहवत नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, "मास्तर, कॉम्प्युटर घेऊन टाका. बोटं तर तुमचीच हायत ना?"

गावात तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे नागपूरवरून सुटे भाग आणून कोणाकडून तरी जुळवून घ्यायचा. बाबा ऐकेनात. "असेंबल म्हंजे खिचडी. याचं डोस्कं, त्याचा पाय. मी घेईन तं कंपनीचाच घेईन," असं म्हणून त्यांनी ब्रँडेडच मागवला. तो आला त्या दिवशी आईनं ओवाळला, आणि मी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली शहाणी मुलगी, पेढे वाटत फिरले. बसवून द्यायला कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता, गळ्यात टाय, एवढ्या उन्हात. त्यानं टेबलाखाली ठेवायच्या सीपीयूच्या मागं चिकटवलेली एक पट्टी दाखवली. हे सील तुटलं की वॉरंटी गेली. मग पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या बाजूला, एक छोटा आकडा दाखवला. "हे प्रोसेसरचं टेंपरेचर. यावर लक्ष ठेवा. जास्त झालं तर मशीन आपोआप बंद होईल." जास्त म्हणजे किती, हे आम्ही विचारलं नाही. बाबांना त्या टायपुढं अडाणी दिसायचं नव्हतं, आणि मला वाटलं बाबांना माहीत असेल. पुढचं सगळं रामायण या एका न विचारलेल्या प्रश्नातून झालं, आणि म्हणून मी आज वर्गात कोणी "मॅडम, म्हणजे किती?" असं विचारलं की त्या पोराला कधी रागवत नाही.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. बाबा आठ दिवसांत कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले. वडशाच्या एका छापखान्याचं काम मिळालं, लग्नपत्रिकांचं. चैत्र-वैशाखात आमच्याकडं लग्नांची नुसती झुंबड असते, आणि पत्रिकेत काका, मामा, मावसे, आत्ये कोणाचंही नाव राहून चालत नाही. बाबांना हे काम फार आवडायचं. "हे पाय शालू, या घरी मामाच चौदा हायत. पोट्टी सासरी गेल्यावर जावई मेला समज," असं म्हणत ते खुशीत टाइप करायचे. संध्याकाळी चार-पाच पोरंही कॉम्प्युटर शिकायला यायला लागली. आईनं उन्हाळ्याची आंबील केली की पोरांनाही ग्लास जायचा. घरात परत टकटक सुरू झाली, आवाज जरा मऊ होता एवढंच.

आणि मग, ऊन आणखी तापायला लागल्यावर, एका दुपारी अकराव्या मामाच्या नावावर कॉम्प्युटर बंद पडला. पडदा काळा, आतला पंखा गप. बाबांनी "अबे!" एवढंच म्हटलं आणि हात वर उचलले. वीज होती. यूपीएस सुरू होता. अर्ध्या तासानं बटण दाबलं तर गडी सुरू, पण पत्रिका गेलेली. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी दोनदा.

आई ड्यूटीवरून आली, खांद्यावरची बॅग ठेवली, हातपाय धुतले, आणि मॉनिटरच्या माथ्यावर उलटा हात ठेवला. जसा माझ्या कपाळावर ठेवायची तसाच. "आंग तपते याचं," ती म्हणाली. "तो कोपऱ्यातला आकडा किती होता बंद पडाच्या आधी?"

"अठ्ठ्याण्णव," मी म्हटलं.

"अठ्ठ्याण्णव? मंग तं नॉर्मल हाय." तिच्या आवाजात वीस वर्षांच्या नोकरीचा अधिकार होता. "सकाळी किती असते?"

"साठ-बासष्ट."

"पाय, तेव्हा गार पडून राह्यते. कामाले लागलं की मंग आंगात जीव येते. ताप नाई याले. दुसरंच काई असन."

हे वाचून कोणी हसलं तर खुशाल हसा. मी सेल्सिअसचं फॅरनहाइट करायची गणितं परीक्षेत सोडवून आले होते, त्याला महिनाही झाला नव्हता, आणि मी तिथं उभी राहून मान डोलावत होते. आमच्या घरात ताप म्हणजे आईच्या पिशवीतला काचेचा थर्मामीटर, आणि त्यावर अठ्ठ्याण्णवला सगळं आबादीआबाद. वहीतलं गणित स्वयंपाकघरापर्यंत आणायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तरी आईनं कागद घेतलाच. रोग कळत नाही तोवर लिहीत राहायचं, हा तिचा नियम. तीन रकाने आखले. वेळ, ताप, आणि तिसरा रकाना "कोण". तिच्या सरकारी फॉर्मात तिथं घर नंबर असायचा. इथं कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं त्याचं नाव लिहायचं ठरलं. "दर अर्ध्या घंट्यानं लिहिजो, शालू. चुकवजो नको," असं बजावून ती कागद भिंतीवर खिळ्याला टांगून गेली. मला सुट्ट्याच होत्या. मी चटणीचा हात पुसत यायचे, बाबांच्या खांद्यावरून कोपऱ्यातला आकडा पाहायचे, लिहायचे आणि कैऱ्या चिरायला परत जायचे. त्या उन्हाळ्यात मी कैरीचं जितकं पन्हं केलं आणि जितके आकडे लिहिले तितके नंतर कधी नाही.

आकडा नॉर्मल म्हटल्यावर आम्ही बाकी सगळीकडं शोधलं. व्होल्टेजवाला येऊन गेला. शेजारच्यांनी टेबल पूर्वेला करा म्हटलं, ते केलं. पण एक गोष्ट मी पाहिली होती, आणि बाबांनी माझ्याही आधी. संध्याकाळी पोरं बसायची तेव्हा कॉम्प्युटर बंद पडायचा नाही. बाबा बाहेर गेल्यावर मी बसायचे, चित्रं काढायचे, पत्त्यांचा डाव मांडायचे, तेव्हाही नाही. बाबा बसले की तासाभरात बंद.

मला आजही त्रास होतो तो यानंतरचे आठ-दहा दिवस आठवले की. बाबा मशिनीला भ्यायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात बटणांकडं पाहिलं नाही तो दोन बोटांनी, एकेक बटण शोधून, हळूच दाबायला लागला, झोपलेल्या पोराला धक्का लागू नये तसं. जेवताना बोलणं बंद. सुपारी तोंडात तशीच. एका दुपारी ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मी आकडा लिहायला गेले तर म्हणाले, "शालू, टायपरायटर माणसाचा हात वळखत होता बाई. याले माहा हात चालत नाई."

"काहीतरीच काय बाबा!" मी जोरात म्हटलं. मी तेव्हाही तोंडाळ होते. पण तक्ता माझ्याच अक्षरात समोर टांगलेला होता.

कोरपन्याला मोठे काका कपाशी करायचे. बाबांनी त्यांना फोन लावून येतो म्हणून सांगितलं. इन्स्टिट्यूट बंद करायची, कॉम्प्युटर विकायचा आणि शेतीवर जायचं. बाबांनी जन्मात वखर धरला नव्हता. उन्हात अर्धा तास फिरले तर त्यांचं नाक फुटायचं. आई म्हणाली, "तिथी जाऊन काय कराल?" तर म्हणाले, "जे हातानं होईन ते." ते "हातानं" त्यांनी असं म्हटलं की आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी घासलेलीच होती.

कंपनीला फोन लावले तर त्यांचा माणूस महिनाभर मिळणार नव्हता, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून आईनं सलीमभाऊला बोलावलं. सलीमभाऊचं बाजारात दुकान होतं, घड्याळं, रेडिओ, कूलर, सगळं दुरुस्त करायचा आणि अलीकडं कॉम्प्युटरही उघडायला लागला होता. तो आला तसे बाबा उठून उभे राहिले, खांद्यावर उपरण्यासारखा दुपट्टा नीट केला आणि पाणी द्यायला सांगितलं. "मास्तर, सील तोडना पडेगा," सलीमभाऊ म्हणाला. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "तोड." इतक्या हौसेनं घेतलेली कंपनीची वस्तू, तिचं सील तुटताना त्यांना पाहवलं नाही.

सलीमभाऊ सीपीयू दुकानात घेऊन गेला. आतला पंखा साफ केला, थोडा कोंडा निघाला तो काढला, आणि दोन दिवस दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. परत आणून दिला तेव्हा आई घरीच होती. त्यानं भिंतीवरचा कागद पाहिला, जवळ गेला, चष्मा वर केला.

"बाई, ये अठ्ठ्याण्णव किसका है?"

"त्याचंच. टेंपरेचर. नॉर्मल असते न दुपारी."

सलीमभाऊनं आईकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि मटकन स्टुलावर बसला. "या अल्ला! बाई, हे सेल्सिअस हाय! पाणी शंभरले उकळते. अठ्ठ्याण्णव म्हंजे आतमंधी चहा होऊन राह्यला!" आणि तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पण हसले, मग आईकडं पाहून थांबले. ती कागदापुढं उभी होती. माणसांच्या तापाच्या नोंदीत तिची कधी चूक निघाली नव्हती आणि इथं घरातच ओळीच्या ओळी उकळतं पाणी नॉर्मल म्हणून लिहिलं गेलं होतं. "खरंच वो," ती हळूच म्हणाली. मग तीही हसली, पण उशिरा.

सलीमभाऊ गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "मास्तर, चुकी माही झाली. ताप होता त्याले. मीच नाई म्हटलं."

"तुही चुकी काऊन असन?" बाबा म्हणाले. "सलीमच्या इथी दोन दिवस चालला ना तो? इथी लावून पाहू."

लावला. सकाळी मी बसले, बाबा बँकेत गेले होते. पासष्ट, सहासष्ट, त्याच्या वर नाही. दुपारी बाबा बसले. पंचाहत्तर. ऐंशी. नव्वद. आता आकड्याचा अर्थ कळत होता, त्यामुळं मला ते पाहवत नव्हतं. अठ्ठ्याण्णवला दोन-चार मिनिटं टिकला आणि बंद. बाबा उठले. बाहेर जाऊन त्यांनी गडचिरोलीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याला फोन केला. बाजाराच्या दिवशी येऊन कॉम्प्युटर घेऊन जा म्हटलं.

त्या संध्याकाळी मी तक्ता भिंतीवरून काढला. तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. शालू, पोरं, शालू, पोरं, सगळीकडं साठ-सत्तर. आणि जिथं जिथं बाबा, तिथं तिथं नव्वदच्या वर. एकही अपवाद नाही. बाबा म्हणत होते ते खरं होतं आणि त्याचा पुरावा मी स्वतः, दर अर्ध्या तासानं, सुवाच्य अक्षरात तयार केला होता. मी कागद घडी करून तांदळाच्या कोठीत, तांदळाच्या आत खोल दाबून टाकला. बाबांना तो दिसला असता तर ते त्याच दिवशी कोरपन्याला निघाले असते असं मला वाटलं.

आईनं आल्याबरोबर विचारलं, "तक्ता कुठी हाय?"

"फाटला."

"शालू."

आई नुसतं नाव घ्यायची तेव्हा खोटं बोलणं अशक्य व्हायचं. मी रडत रडत कोठीत हात घातला. "बाबाले दाखवजो नको आई. सगळे ताप बाबाच्याच नावावर हायत. त्यायचे हातच..."

आईनं कागद झटकला. दारात, उजेडाकडं धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं तिचा चेहरा पडेल. तर ही बाई चक्क म्हणाली, "मंग तं बरंच झालं."

"काय बरं झालं?" मी भडकले.

"घर सापडलं ना." तिनं पदरानं माझं नाक पुसलं, मी एवढी घोडी झालेली असताना. "अवं, गावात ताप कोणाच्या घरी येऊन राह्यला ते कळलं, तं आमी काय त्या माणसाले म्हणतो का, का तूच वाईट हायेस म्हणून? आमी त्याच्या घरी जातो. बसतो. पाहतो. कुठी तरी माठाखाली, कुठी टायरात पाणी साचून असते. घरच्यायले ते दिसत नाई, रोजचंच असते ना. उद्या मी बसतो मास्तरच्या बाजूले."

उद्या म्हणजे बाजाराचाच दिवस. आईनं सुट्टी टाकली. मला आठवतं तसं माझ्या कांजिण्यांनंतरची ही तिची पहिली सुट्टी. सकाळी स्वयंपाक उरकून, नऊवारी नव्हे, ड्यूटीचं पांढरं पातळ नेसून ती समोरच्या खोलीत आली आणि टेबलापासून दोन हातांवर स्टूल मांडून बसली.

"आज ड्यूटी नाई का सिस्टर?" बाबांनी विचारलं.

"सुट्टी टाकली."

"काऊन?"

"तुमाले पाह्याले."

बाबा लाजले. खरंच लाजले. एवढ्या दुःखातही त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यांनी माझ्याकडं चोरून पाहिलं. "कॉम्प्युटर जाते आता आज. शेवटची पत्रिका करून घेतो, छापखान्याले जबान देल्ली हाय," असं काहीतरी पुटपुटत ते खुर्चीवर बसले. बटण दाबलं. पंखा घुं करून सुरू झाला. मिलचा पट्टाही त्याच वेळी सुरू झाला आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कोंडा तरंगायला लागला.

मी आकड्याकडं डोळे लावून उभी. आई आकड्याकडं पाहतच नव्हती. ती बाबांच्या पायांकडं, टेबलाखाली, भिंतीकडं, त्यांच्या हातांकडं, परत टेबलाखाली, अशी पाहत होती. बाबांनी चष्मा पुसला. कागद लावला. खिडकीकडं पाहिलं, आणि मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची दुहेरी घडी केली, खाली वाकले आणि सीपीयूवर नीट पांघरला. दोन्ही बाजूंनी ओढून घेतला. मागं खोचला. वरून एकदा थोपटलं. आणि टाइप करायला लागले.

"हे काऊन केलं?" आईनं विचारलं. आवाज अगदी साधा.

"काय? हे होय? कोंडा जाते ना आतमंदी."

"रोज करता?"

"मंग? मशिनीले खोळ नको का?"

"अन् बाहेर जाता तेव्हा?"

"तेव्हा दुपट्टा घेऊन जातो ना. उघड्या खांद्यानं बाजारात जाऊ का?"

"पोरं आली, सलीमभाऊ आला, तं?"

"काय विचारते सिस्टर! कोणी आल्यावर दुपट्टा घेतल्याशिवाय माणूस उभा राह्यते का?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकदम उजेड पडला. परकं माणूस दारात आलं की बाबांचा हात आधी दुपट्ट्याकडं जायचा आणि तो खांद्यावर यायचा, हे मी जन्मापासून पाहत होते. म्हणून जगात कोणत्याच परक्या माणसाला तो सीपीयूवर दिसला नव्हता. ज्यांच्यासमोर बाबा उघड्या खांद्यानं बसायचे त्या आम्ही दोघी. त्यातली एक दिवसभर गावोगाव, आणि दुसरी फक्त आकडा पाहायला शिकलेली. मी ओरडणारच होते, पण आईनं हात वर करून मला गप्प केलं. तिला आधी मोजायचं होतं.

"टाइप करा तुमी," ती म्हणाली. बाबा करत राहिले. सत्तर. एक्याऐंशी. नव्वद. ते दर ओळीला कोपऱ्याकडं पाहत होते आणि त्यांची बोटं मंद होत चालली होती. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. आई उठली, खाली वाकली आणि दुपट्टा काढून घेतला. तिनं मग सीपीयूची हवा बाहेर पडायच्या जाळीपुढं हात धरला आणि झटक्यानं मागं घेतला, एवढी गरम वाफ होती. "शालू, वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. पंच्याण्णव. एक्क्याण्णव. शहाऐंशी. मला घाई झाली होती, आकडा घाई करत नव्हता. अठ्ठ्याहत्तर. बाहत्तर. बाबांनी टाइप करणं थांबवलं होतं. "थांबू नका मास्तर, करत राहा," आई म्हणाली, आणि त्यांनी परत बोटं ठेवली. अडुसष्ट. सदुसष्ट. तिथं तो थांबला. बाबा टाइप करत होते आणि तो तिथंच होता. पत्रिकेतले सगळे मामा झाले, मावसे झाले, खाली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" लिहिणाऱ्या चिमुकल्यांची नावंही झाली.

बाबांनी हात उचलले. मला वाटलं ते हसतील. त्यांचा चेहरा मात्र अजून भ्यालेलाच होता, चूक शेवटी आपलीच निघाली म्हणून. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

"सिस्टर," ते म्हणाले, "म्हंजे हात चांगले हायत ना माहे?"

आमच्या घरात आईबाबांनी माझ्यासमोर एकमेकांना कधी हात लावला नव्हता. तशी रीतच नव्हती. आईनं स्टूल पुढं ओढलं, बसली, आणि बाबांचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर ठेवून, जसं ती पेशंटचं घ्यायची. ती नाडी मोजत होती असं मी धरून चालले. घड्याळाकडं मात्र ती पाहत नव्हती, बाबांकडं पाहत होती, आणि मोजणं काही संपेना. बाबांचे डोळे भरून आले होते. माझेही.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. स्टुडिओवाला दारातून हाक मारायला लागला, "मास्तर! हाय का कोणी घरी?" बाबांचा हात सवयीनं दुपट्ट्याकडं निघाला. आईनं मनगट सोडलं नाही. बाबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बसून राहिले, उघड्या खांद्यानं.

मग मीच दारात गेले. "कॉम्प्युटर विकाचा नाई भाऊ," मी म्हटलं. "मास्तर कामात हायत."